अनारशांची साक्ष

शनिवार, २७ ऑक्टोबर २००७

डॉक्टरीणबाई म्हणाली, झोप येत नाही ना, मग डोक्यात जे फिरतंय ते लिहून काढ. म्हणून ही डायरी. व्हॉल्व्ह विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं गेल्या ख्रिसमसला फुकट दिलेली, दहा महिने ड्रॉवरमध्ये पडून होती. दर महिन्याच्या पानावर धोक्याची एकेक खूण छापलीय. ऑक्टोबरला कवटी, नोव्हेंबरला ज्वाळा. दिवाळीच्या महिन्याला कवटी आली नाही हेच नशीब.

आज अनारशांचे तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. शशी नेहमीप्रमाणे म्हणाला, "अगं, कार्डिफमध्ये तुझे अनारसे खातं कोण? मी. आणि मीसुद्धा भीतीपोटी." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, विनोद तोच. मी लक्ष देत नाही. माझ्या अनारशाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

झोपेसाठी आईचं औषध पुन्हा सुरू केलंय. खसखस भिजवून वाटायची, दुधात उकळायची, वर वेलची. काल दोन घोट घेतले तर काय स्वप्न पडलं! आमच्या यार्डातले सगळे टँकर खाडीच्या पाण्यावर तरंगत होते, दिवे लावून, एकामागे एक, आणि मी काठावर उभी राहून त्यांचे नंबर म्हणत होते. १२०३ पेट्रोल, १७८९ ॲसिड, १८२४ कॉस्टिक. शुभंकरोति म्हणावी तसे. जाग आली तरी ओठ हलत होते.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

तांदूळ उपसून पाहुण्यांच्या खोलीत चादरीवर पसरले. ते सावलीतच वाळवायचे असतात, त्यामुळे वेल्समध्ये काही अडत नाही.

सकाळी डॉक्सवर इतकं धुकं होतं की यार्डाचं गेट दिसेना. मग धुक्यातून आधी धोक्याच्या नंबरची नारिंगी पाटी आली, मागून टँकर आला आणि सर्वांत शेवटी ग्लिनचा आवाज. "मॉर्निंग, सू!" सुप्रभा कुणाला जमत नाही, म्हणून मी इथं सू.

इथं लिहून ठेवते, नाहीतर वर्षभरानं वाचून मलाच कळायचं नाही. आमची कंपनी पेट्रोल, ॲसिड असलं सगळं टँकरनं पोचवते. अशा प्रत्येक कंपनीला परीक्षा पास झालेला एक सुरक्षा सल्लागार ठेवावाच लागतो. ती मी. परीक्षा मी पुस्तकं वाचून दिली, पण धंदा शिकवला ग्लिननं. पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "भरलेल्या टँकरला घाबरू नकोस, सू. रिकाम्याला घाबर. रिकाम्यात वाफ असते." तीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नाही.

त्याची बायको डेलिथ आजारी आहे. आता उपाय संपलेत. हॉस्पिटलमध्ये नको म्हणाली, म्हणून घरीच आहे. "कशी आहे?" म्हणून विचारायला गेले तर तो म्हणाला, "ती..." आणि थांबला. मीच म्हटलं, "झोपून असते ना बरीचशी?" त्यानं मान हलवली. शशी म्हणतो मी लोकांची वाक्यं पुरी करते. करते, कारण लोक फार वेळ लावतात.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

पीठ गूळ घालून मळून ठेवलं. डब्याचं झाकण उघडलं की आंबूस-गोड वास येतो, डोकं जड होतं.

ऑफिसात दिवसभर नवं धोरण. आमचे टँकर जिथे भरतात त्या पेट्रोल टर्मिनलवाल्यांनी अट घातलीय की ड्रायव्हरांची अमली पदार्थांची अचानक चाचणी नसेल, तर गाड्या आत सोडणार नाही. कायद्याची सक्ती नाही, पण गेट त्यांचं. तर सप्टेंबरात धोरण मीच लिहिलं. कंप्युटर नंबर काढेल, बाहेरची नर्स येऊन नमुना घेईल, बाटल्या सील होऊन लॅबला. नापास झाला तर नोकरी गेली. आपण होऊन आधी सांगितलं तर मदत. जिथून मी मसुदा घेतला त्यात शेवटी एक यादी होती, कुठल्या औषधांनी आणि कुठल्या खाण्यानं चाचणी चुकू शकते त्याची. ती मी काढून टाकली, कारण कँटीनच्या दारामागे लावायला एकच पान हवं होतं. ह्यू, म्हणजे आमचा मालक, खूश. "फर्स्ट क्लास, सू. सबबी जितक्या कमी तितकं बरं."

मलाही बरंच वाटलं. एका पानात मावणारं काही मी आयुष्यात प्रथमच लिहिलं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

रजा काढून अनारसे तळले. साठ झाले! खसखशीवर थापायचा, खसखस वरच्या बाजूला ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. एकही हसला नाही, म्हणजे तुपात विरघळला नाही. जाळी अशी पडलीय की आई असती तर शेजारणींना बोलावून दाखवली असती.

दुपारी सोफ्यावर बसले ती तिथंच लवंडले. खिडकीबाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता. तुपाच्या वासात दोन तास गेले. गेले कुठे, कळलं नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

ऑफिसात फराळ नेला. चकली पाच मिनिटांत उडाली. अनारसे मी स्वतः हातात दिले, एकेकाला. "नो थँक्स" म्हणणाऱ्यांना मी सोडत नाही, दुसऱ्यांदा विचारलं की घेतातच. कँटीनमध्ये सगळ्यांच्या कोटांवर ती कागदाची लाल फुलं, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची. पणती लावली तर ह्यू धावत आला. यार्डात उघडी ज्योत! चूक माझीच, नियमही माझाच. विझवली.

ग्लिनला वेगळा डबा देईन म्हटलं, रविवारी घरी आणून. "सू, तू उगीच..." "उगीच काय? डेलिथला आवडेल."

रविवार, ११ नोव्हेंबर. भाऊबीज

पेनार्थला ग्लिनकडे जाऊन आले. शशी गाडीतच बसला, त्याला आजारी माणसांकडे जमत नाही.

पुढच्याच खोलीत पलंग आणलाय. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे आज दिसत नव्हता, पण आहे हे कळत होतं. भरती होती. डेलिथ इतकीशी झालीय. मला ओळखलं. म्हणाली, "सू, तुझी साडी भिजली बघ." मी कोट-पँटमध्ये होते. खिडकीच्या कट्ट्यावर तपकिरी बाटली, शेजारी चमचा. ग्लिननं औषध पाजलं, ओठ पुसले आणि आम्ही दोघं बघत बसलो. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. कपाळावरची आठी गेली. मग ती कुणाशीतरी वेल्शमध्ये बोलली आणि हसली.

"गेली," ग्लिन म्हणाला.

"कुठे?"

"तिकडे. चार तासांनी येते."

मी बारा अनारशांचा डबा ठेवला. ग्लिनला म्हटलं, तू जेवत नाहीस नीट, हे खा, पोटाला आधार होईल, तांदूळ-गूळ-तूप, दुसरं काही नाही. त्यानं डबा दोन्ही हातांत धरला. काहीतरी म्हणणार होता, मीच म्हटलं, "थँक यू नको. आज आमच्यात भावाला गोड द्यायचा दिवस असतो." त्याचे डोळे भरले. माझेही. गाडीत येऊन शशीला ओरडले, उगीचच.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पहिलीच अचानक चाचणी. नर्स व्हॅन घेऊन आली. कंप्युटरनं चार नंबर काढले, त्यात ग्लिनचा. तो हसून म्हणाला, "बघ सू, लॉटरीत कधी आला नाही." मीच बाटल्यांवर लेबलं लावली.

दुपारभर धुकं. गाड्या हेडलाइट लावून रांगेत उभ्या. मला सारखं वाटत होतं, मी हे आधी पाहिलंय.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

आज चहासुद्धा न घेता डायरी उघडली.

ग्लिन नापास. मॉर्फिन.

लॅबच्या डॉक्टरनं आधी ग्लिनला फोन केला होता. कुठलं औषध घेतोस? नाही. खोकल्याचं? नाही. बिया लावलेला ब्रेड वगैरे खाल्लास? नाही. मग त्यानं ह्यूला कळवलं. ह्यूनं मला आत बोलावलं, दार लावलं. "सू, बायको मॉर्फिनवर आहे ना त्याची?"

मी म्हटलं, "म्हणून काय झालं? मरणाऱ्या बायकोच्या तोंडचं औषध पिणारा माणूस आहे तो? तीस वर्षं ओळखतोस ना त्याला?"

"तुझंच धोरण आहे, सू. एका पानाचं."

तोंडात मारल्यासारखं झालं. दहा दिवसांची मुदत मागून घेतली. तोवर ग्लिन रस्त्यावर नाही, यार्डात झाडू मारायचा. बाहेर आले तर तो कँटीनमध्ये बसला होता, दाराकडे पाठ करून. मी समोर बसले. "ग्लिन, लॅबची चूक आहे ना ही?" त्यानं चहाच्या कपाकडे बघत म्हटलं, "मला माहीत नाही, सू." बिच्चारा. त्याला काय माहीत असणार?

नोकरी गेली तर टर्मिनलचा पास जाईल, दुसरी कुठलीच टँकर कंपनी दारात उभं करणार नाही. आणि गावभर होईल की ग्लिननं डेलिथचं औषध चोरलं.

शनिवार, १७ नोव्हेंबर

देवयानीचा हॅरोहून फोन. पोरीचं मराठी ऐकून कान झाकावेसे वाटतात, पण बोलते हेच खूप. "आई, तुझी अनारसे आली पोस्टाने. So sweet of you. मी ऑफिसमध्ये दिला सगळी."

"सगळे? तू एकही नाही खाल्लास?"

"आई, मला नाय आवडत. मला कधीच नाय आवडला. तू विचारलं नाही ना कधी."

ऐकून घेतलं. हिला आवडत नाहीत म्हणे! लहानपणी मांडीवर बसून खायची. की मी भरवायचे? असो. आज त्याचं दुःख करायला वेळ नाही. डोक्यात ग्लिन.

रविवार, १८ नोव्हेंबर

देवा!

दुपारी जेवल्यावर शशी सिंकपाशी उभा राहून उरलेल्यातला एक अनारसा खात होता, खाली हात धरून, म्हणजे मी सांडलं म्हणून ओरडायला नको. जांभई देत म्हणाला, "तुझ्या अनारशात अफू असते गं. म्हणून तर रविवारी मी असा ओंडक्यासारखा पडतो."

दर दिवाळीला म्हणतो. माझा भाऊही म्हणायचा. आमच्याकडे खसखस खाऊन जांभई दिली की कुणी ना कुणी म्हणतंच. मी हसले. आणि हसताहसता खाली बसले, तिथंच, किचनच्या फरशीवर.

"काय झालं गं? चक्कर आली?"

"शशी, खसखस. अफूची बी. शशी, ग्लिननं बारा खाल्लेत!"

मी काढून टाकलेल्या यादीत पहिली ओळ तीच होती. मी वाचली होती, माझ्या हातानं खोडली होती. पण ती ऑफिसातली ओळ, इंग्रजीतली, आणि खसखस माझ्या स्वयंपाकघरातली, आईच्या बरणीतली. दोन्ही एकच आहेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकत्र कधी आठवलंच नाही. धोक्याच्या मालाची तज्ज्ञ म्हणे मी!

रडले खूप. शशीनं चहा करून दिला, साखर विसरला. पण रडण्यात आनंदही होता, खोटं कशाला लिहू? ग्लिन सुटला. ज्या हातानं घात केला, त्याच हातानं सोडवणार.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सकाळी आठला ह्यूपुढे उभी. सगळं सांगितलं. यादी काढल्याचंसुद्धा. ह्यू आधी हसला, मग घाबरला, मग म्हणाला, "आणि हे सिद्ध कसं करायचं?"

"मी खाते. तुझ्यासमोर. बारा. आणि उद्या नर्सला बोलाव."

शेवटचे बारा उरले होते, खाल्ले. आठव्यानंतर तूप गळ्याशी आलं. ह्यू खुर्चीत बसून मोजत होता, मधेच म्हणाला, "सू, पाणी तरी घे." बाराव्याला डोळ्यांतून पाणी आलं, पण मी सोडला नाही.

मग ग्लिनला बोलावून फॉर्म भरला. त्याला सगळं समजावलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी विचारलं, "अनारसे खाल्लेस ना? मी दिलेले?" तो म्हणाला, "सू, ते..." "रविवारीच खाल्लेस ना? मी गेल्यावर? जेवणाऐवजी?" त्यानं टोपी काढून हातात घेतली. "डॉक्टरनं बियांचा ब्रेड विचारला म्हणून तू नाही म्हणालास. तुला काय माहीत अनारशावर काय असतं!" मी लिहीत गेले. बारा नग, अकरा तारीख, संध्याकाळ. त्यानं सही केली. हात थंडगार होता.

"आता हस की रे," मी म्हटलं. तो हसला.

मंगळवार, २० नोव्हेंबर

नमुना दिला. लेबल मला लावू दिलं नाही.

बुधवार, २१ नोव्हेंबर

काय झोपले! स्वप्नात डेलिथ आणि मी एका लांबलचक वाळूवरून चाललो होतो. पाणी फार दूर गेलेलं. तिच्या पायात चपला नव्हत्या. मी म्हटलं, गार आहे गं. ती म्हणाली, तुला आहे. ती पुढे गेली, मी मागे राहिले, आणि मला वाईट वाटलं नाही. सकाळभर ती वाळू डोळ्यांसमोर होती. बसमधून जाताना काचेवर, ऑफिसात कागदांवर.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

नापास! मी नापास झाले! आयुष्यात पहिल्यांदा, आणि यार्डात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाहीतरी रोजच्या खसखशीच्या दुधानं मी कधीच नापास झाले असते म्हणा.

लॅबचा डॉक्टर म्हणाला, आकडे बियांच्या खाण्याशी जुळू शकतात, ड्रायव्हरनं तसं सहीनं लिहून दिलंय, हरकत घेता येत नाही. ह्यूनं केस बंद केली. धोरणात यादी परत आली, आता दोन पानं झाली. ड्रायव्हर मला पाहिलं की जांभया देतात. देऊ देत.

ग्लिन टाळ्या वाजवायला नव्हता, डेलिथला बघायला लवकर गेला होता.

सोमवार, २६ नोव्हेंबर

ग्लिन गाडीवर. पेट्रोल, छत्तीस हजार लिटर, स्वॉन्झीला. गेटातून जाताना मी हात केला. धुक्यात त्याला दिसला नसावा. पाटी तेवढी बराच वेळ दिसत राहिली.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

हे पान फाडून टाकावं असं दहा वेळा वाटलं. लिहिते.

दुपारी ग्लिन ऑफिसात आला, दार लावलं, गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"मी ते खाल्ले नाहीत, सू."

"काय?"

"तुझी बिस्किटं. एकही नाही. डेलिथला वास आवडला. डबा तिच्या उशाशी आहे. ती मधेच झाकण उघडून वास घेते."

मी बोलायला तोंड उघडलं. तो थांबला नाही.

"मी तिचं औषध घेतलं. त्या रविवारी. तू गेल्यावर. दोन चमचे."

"दुखत होतं तुला?"

"नाही."

मी काहीतरी म्हणणार होते. झोप येत नसेल, दमला असशील, कुणालाही होईल. एकेक वाक्य तयार होतं. दातांखाली धरून ठेवलं. बाहेर कुणीतरी टँकर धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"ती जाते ना," तो म्हणाला, "रोज जाते. हसते तिकडे. माझ्याकडे बघून हसत नाही आता. आलटून पालटून दुखणं आणि ते. मला बघायचं होतं ती कुठे जाते. म्हणजे नंतर, ती कायमची जाईल तेव्हा, मला माहीत असेल."

"मग?"

"काही नाही. मी खुर्चीत झोपलो. जाग आली तर ती मला हाका मारत होती, आणि मला ऐकूच आलं नव्हतं."

मी रडले नाही. तोही नाही. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी एवढं विचारलं!"

"तू विचारत नव्हतीस, सू. तू सांगत होतीस." ओरडला नाही, प्रेमानंच म्हणाला. त्यामुळे जास्त लागलं. "आणि तू इतकी खूश होतीस. काल पूल ओलांडताना मागे छत्तीस हजार लिटर होते. मनात आलं, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला गाडीवर चढू दिलं असतं का?"

बुधवार, २८ नोव्हेंबर

सकाळी ह्यूला सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला, छताकडे बघितलं. "सू, केस बंद झालीय. लॅब खूश, टर्मिनल खूश. तू, मी आणि तो सोडून कुणाला माहीत नाही. त्यानं पुन्हा घेतलं नाही ना? मग?"

खरं सांगते, मोह झाला. माझे अनारसे, माझी सही, यार्डभर टाळ्या. सगळं परत घ्यायचं म्हणजे मी मूर्ख ठरणार, आणि ग्लिन चोर. एक पान न लिहिलं की सगळे वाचतात. पण पेट्रोलच्या टँकरवर हे नाही चालत. आणि तो स्वतःच्या पायांनी किल्ल्या घेऊन आला होता. मी ते पुसून टाकलं असतं तर त्यानं काय केलं ते त्याचं राहिलंच नसतं.

"ह्यू, सल्लागार मी आहे," मी म्हटलं. "टर्मिनलला लिहून जाणार."

ग्लिनला बोलावून नवा फॉर्म काढला. तारीख घातली, नाव घातलं. चौथा रकाना होता 'कारण'. पेन रकान्यावर टेकवलंसुद्धा. मग ते ग्लिनच्या हातात दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, त्याच्याकडे पाठ करून. वीस मिनिटं लागली त्याला. मी एकदाही वळून बघितलं नाही, काय कठीण होतं ते माझं मला माहीत.

त्यानं एकच ओळ लिहिली होती. मी वाचली, खाली सही केली, आणि माझ्या आधीच्या फॉर्मवर 'रद्द, चूक माझी' लिहून तोही जोडला.

सोमवार, ३ डिसेंबर

टर्मिनलचं उत्तर आलं. त्यांना ह्यूनं काय सांगितलं देव जाणे, पण आपण होऊन सांगितलं म्हणून ग्लिनला काढायचं नाही असं ठरलं. मला लेखी ताकीद. घरी येणाऱ्या नर्सनं डेलिथचं औषध कुलपाच्या पेटीत ठेवलंय, दिवसातून चारदा स्वतः येऊन देते. डेलिथला घरातून हलवलेलं नाही.

गाडी मात्र बंद, यार्डातही यायचं नाही. सहा महिने.

मी स्वतः पेनार्थला जाऊन सांगितलं. वाटलं होतं, खचेल. तो दारात उभा राहून ऐकत होता, आत डेलिथ जागी होती, नुसती पडून खिडकीकडे बघत होती. त्यानं दोनदा विचारलं, "सहा? नक्की सहा?" मी मान हलवली. डेलिथच्या डॉक्टरनं तिचे दोनच महिने सांगितलेत.

"म्हणजे मी घरीच," ग्लिन म्हणाला आणि आत जाऊन तिच्याशेजारी बसला.